नदीपलीकडचा कोरा कागद

माझे मामा पस्तीस वर्षं नगरपालिकेत नकाशे काढत होते. नदीच्या एका काठाला त्यांचं शहर, दुसऱ्या काठाला आमचं. हद्द संपली की काम संपलं, अशी दोन्हीकडची रीत. त्यामुळे त्यांच्या नकाशात आमचा काठ कोरा आणि आमच्या नकाशात त्यांचा. शेजारी असून दोन्ही शहरं एकमेकांच्या खिजगणतीत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत मामा त्या कोऱ्या भागाकडे बघत बसत. खिडकीतलं ऊन कागदावर सरकत यायचं आणि त्यांना तिथे गल्ल्या दिसायच्या, आमचं घर दिसायचं, पायरीवर केस वाळवत बसलेली माझी आई दिसायची. समोरच्या चहावर साय धरायची. माणूस अर्धा इथे, अर्धा कुठेतरी. आई त्यांना 'तरंगतं लाकूड' म्हणायची.

हवामानाचा ताल सुटला आणि नदी दर दोन-तीन वर्षांनी फुगू लागली, तेव्हा दोन्ही शहरांना उशिरा का होईना, शहाणपण सुचलं. पूर काही हद्द विचारून येत नाही, मग आराखडा एकच करू. दोन नकाशे एका टेबलावर जोडले गेले. मामा नुसते बघत राहिले, डोळे भरून. मग त्यांच्या लक्षात आलं, की एकाच पुराची रेघ आमच्या काठावर दोन फूट खाली आहे.

मामांच्या साहेबांनी तोडगा काढला, "सरासरी घ्या. कुणाचाच अपमान नको."

"पाणी काय सरासरीनं चढतं?" मामा करवादले.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या नकाशेवाल्या बाईंना सोबत घेऊन ते पुलावर गेले. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली लांब नळी त्यांनी एका काठाच्या पुराची उंची मोजायच्या खांबापासून दुसऱ्या काठाच्या तशाच खांबापर्यंत धरली. नळीतलं पाणी थरथरलं आणि हळूहळू शांत झालं. दोन्ही टोकांना पातळी एकच, पण खांबांवरचे आकडे दोन फुटांनी वेगळे. चूक आमचीच निघाली. आमच्या रंगाऱ्यानं खांबावरचे आकडे गाळाच्या वरून मोजत रंगवले होते. खालचे दोन फूट गाळातच राहिले होते.

सरासरीच्या रेघेत आमचं घर बोटभर बाहेर राहत होतं. खऱ्या रेघेत ते पाण्यात जात होतं. मामा दुपारभर पेन्सिल धरून बसले, आणि मग त्यांनी खरी रेघ ओढली.

संध्याकाळी ते पूल ओलांडून आमच्याकडे आले.

"ताई, तुझं घर पुराच्या पट्ट्यात गेलंय. सोडावं लागेल."

"कुणी ठरवलं?"

"रेघ मी काढली."

 हे घर आईनं पोटाला चिमटा घेऊन उभं केलं होतं. मला मामांचा इतका राग आला, की त्यांच्यापुढे ठेवलेला पाण्याचा पेला उचलून न्यावासा वाटला.

"आणि पाणी आलंच नाही तर?" आईनं विचारलं.

"तर जन्मभर मला शिव्या दे," मामा म्हणाले. "पण समोर बसून दे."