कँटन कुठे गेलं?

मुलीचं विमान भलत्याच गावी उतरलं, असं मी ठरवून टाकलं. ती निघाली होती चीनमधल्या कँटनच्या व्यापारी प्रदर्शनाला आणि निरोप आला, 'ग्वांगझोऊला पोहोचले.' मग फोन बंद. माझ्या जुन्या ॲटलासात ते गावच नव्हतं. कुणी पळवली तर नाही? ॲटलास घेऊन सीताबर्डीला, ज्या म्हाताऱ्या पुस्तकवाल्याकडून तो विकत घेतला होता त्याच्याकडे गेलो. त्याने नेहमीसारखी बाहीने धूळ पुसली, अंगठा ओला केला आणि शेजारी नवा ॲटलास उघडला. दोन्हींत एकाच नदीकाठी बोट टेकवलं.

"गाव तेच हाय. इंग्रज कँटन लिहीत, आता चिनी आपल्या नावानं लिहून राहिले."

"मग फोन काहून लागत नाही?"

"झोपली असन. पोरगी बरोबर पोहोचली, भाऊ. तुम्हीच हरवून राहिले."