हॉट प्रेसमधली बाटली

डॉ. सलील देवस्थळी टॅला या आयरिश उपनगरातल्या हॉस्पिटलात भूल द्यायचा. वय चव्वेचाळीस, हाताखाली सहा ज्युनिअर; पण आई पुण्याहून येणार म्हटलं की या गृहस्थाचं पार शाळकरी पोर व्हायचं. घरात वाइन असते हे तिला कळू नये म्हणून फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याने जे केलं, त्याची चुटपुट त्याला अजून लागून राहिली आहे.

मुळात ती बाटली त्याची नव्हतीच. ती त्याच्या जुन्या वरिष्ठांची, निवृत्तीनंतर डून लेरीला समुद्रासमोर राहणाऱ्या फिन्टन मुल्डूनची. २०१५ च्या ऑक्टोबरात दोघे बर्गंडीतल्या व्होलने या वाइनच्या गावी गेले होते. उतारावर गुडघाभर उंचीची दगडी भिंत, तिच्या दोन्ही बाजूंना पिनो न्वार द्राक्षाचे तेच वेल, मालकही तोच. तरी दोन्हीकडची वाइन वेगळी लागते असं फिन्टन म्हणाला तेव्हा सलील हसला. मग चाखली आणि गप्प बसला. फिन्टन तर दहा मिनिटं एक शब्द बोलला नाही. त्याने २००५ सालची एकच बाटली घेतली आणि सलीलकडे ठेवायला दिली. "माझ्याकडे राहिली तर मी पिऊन टाकेन. मागेन तेव्हा आण."

सव्वादोन वर्षं ती जिन्याखालच्या गार कपाटात आडवी पडून होती. पण आईच्या बॅगा त्याच कपाटात जाणार. विमानतळावर निघायच्या गडबडीत सलीलने बाटली हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांमागे सारली. नंतर हलवू म्हणाला. आई तीन महिने घरातच. हलवायला धीर झाला नाही. मे महिन्यात तिला सोडून आल्यावर बाहेर काढली, तर बूच नखभर वर आलेलं. उष्णतेने वाइन बिघडली, हे त्याला कळून चुकलं.

सप्टेंबरात फिन्टनचा फोन आला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, उपचार थांबवले होते. "आता आण."

तशी दुसरी बाटली कुठे मिळेना. खरं सांगावं असं सलीलने डार्टच्या लोकल गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत ठरवलं होतं. सांगितलं नाही. बूच निघालं आणि खोलीभर शिजवलेल्या जॅमचा वास पसरला. फिन्टनने ग्लास नाकाशी धरला, खिडकीतून समुद्राकडे पाहिलं, घोट घेतला.

"ग्रँड," तो म्हणाला. "इट्स ग्रँड, सलील."

या देशात पावसालाही ग्रँड, म्हणजे छान, म्हणतात. चांगली वाइन असती तर फिन्टन बोललाच नसता, हे सलीलला ठाऊक होतं. फिन्टनने मात्र ग्लास संपवला. नवव्या दिवशी तो गेला.

दफनाहून परतल्यावर सलीलने आईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. दारूचं, टॉवेलांचं, जॅमच्या वासाचं.

"ती बाटली होय?" आई म्हणाली. "मला दुसऱ्याच दिवशी दिसली रे, टॉवेल काढताना. तुला ओशाळल्यासारखं होईल म्हणून पुन्हा होती तशी झाकून ठेवली."