डबीचं टोपडं

गल्लीतली माणसं तिला पाठीमागे पोलीसकाकू म्हणायची आणि ते तिला ठाऊक होतं. ठाऊक नाही असं गल्लीत काही उरलंच नव्हतं म्हणा. ती शिवणकाम करायची. मशीन खिडकीशी, म्हणजे रस्त्यावरही लक्ष. कपडा हातात आला की आधी तो उलटा करून बघणार. कोणी डागाळलेला शर्ट आणून "चहा सांडला हो" म्हटलं, की ही डागावर बोट ठेवून म्हणणार, "सांडला नाही, फेकलाय. काय भांडण झालं?" आणि बहुतेक वेळा झालेलं असायचंच. दूध वास घेतल्याशिवाय तापवायचं नाही, डब्यातली बटणं मोजून ठेवायची, असा सगळा कारभार.

तिचा नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. एकतीस वर्षं चालवली, गाडीला ओरखडा नाही. बोलायला कमी, पण एक काम न चुकता करायचा. हिला जवळचं दिसेनासं झालं तेव्हापासून रोज सकाळी निघण्याआधी तो दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचा. पाच पांढऱ्या दोऱ्याच्या, पाच काळ्या. त्याबद्दल दोघं कधी एक अक्षर बोलली नव्हती.

तर चार महिन्यांपूर्वी या माणसाने सुया ओवणं बंद केलं.

"घाई असते गं सकाळी. आणि तुला नवा चष्मा आहे ना आता," एवढंच म्हणाला.

हिने वर काही दाखवलं नाही. मनात मात्र गाठ मारून ठेवली.

मग एका रविवारी तो जुन्या टॉवेलचा तुकडा घेऊन मशीनपाशी येऊन उभा राहिला. एका हातात टॉवेल, दुसरा हात खिशात.

"एक टोपडं शिवून दे."

हिचा पाय मशीनवर थबकला. घरात तान्हं मूल नव्हतं. "कोणाला?"

"क्लचच्या ऑइलच्या डबीला. बॉनेटखाली असते. आपल्या पेल्याएवढी."

"थंडी वाजते तिला?"

"कापड गुंडाळतात तिला. रंग खराब होत नाही," तो म्हणाला आणि आत गेला.

एकतीस वर्षांत या माणसाने स्वतःसाठी साधा रुमाल शिवून मागितला नव्हता, आणि आता डबीला टोपडं. हिच्या कपाळावर आठी पडली ती पडलीच. पण शिवलं. दुहेरी टॉवेलचं, वर इलॅस्टिक घालून, शिलाईची कड आत दुमडून. संशय असला म्हणून हात आखडता घ्यायची बाई नव्हती ती.

तीन आठवड्यांनी तो म्हणाला, "आणखी एक दे."

"पहिल्याचं काय झालं?"

"मळलं."

"आणा, धुते."

"टाकून दिलं."

पंधरा दिवसांनी तिसरं. आणि त्यानंतर आठवडा होतो न होतो तोच चौथं मागितलं, तेव्हा हिने कात्री खाली ठेवली आणि डोक्यात तपास सुरू केला.

पहिला संशय शाळेत नव्याने आलेल्या चित्रकलेच्या बाईंवर. त्यांची लाल मोटार होती. हिने भाजीच्या निमित्ताने शाळेवरून दोन चकरा मारल्या, मोटार चारी बाजूंनी बघितली, पण बॉनेट बंद असल्यामुळे हाती काही लागलं नाही. तसा हा संशय तिलाही फारसा पटत नव्हता. जो माणूस घरच्या बायकोशी धड दोन वाक्यं बोलत नाही, तो बाहेर काय दिवे लावणार?

दुसरा संशय मात्र साधा नव्हता. गाडीचं काहीतरी बिघडलंय, ऑइल गळतंय, आणि हा ते कापडाखाली झाकतोय. ब्रेकचं असलं तर? व्हॅनमध्ये चौदा पोरं बसायची आणि त्यांतली एक म्हणजे हिच्या लेकीची लेक. आजोबांच्या शेजारची जागा तिची ठरलेली. तिला हिने वेणी घालता घालता हळूच विचारलं, "गाडीत काय काय चालतं गं तुमचं?"

"काही नाही. आजोबा हल्ली गाणं म्हणत नाहीत आमच्याबरोबर," नात म्हणाली. "चालवताना बोलायचं नाही म्हणतात."

शनिवारी दुपारी तो जेवून आडवा झाल्यावर हिने खुंटीवरची किल्ली काढली आणि व्हॅनची झडती घेतली. ड्रायव्हरच्या सीटखाली कोंबलेली प्लास्टिकची पिशवी निघाली. आत तिन्ही टोपडी, तेलकट, उग्र वासाची. टाकून दिलं म्हणे. एवढा सरळ माणूस आणि तोंडावर खोटं बोलला, याचा तिला इतका राग आला की चपला उलट्या घालून पिशवी घेऊन ती तशीच गॅरेजवर गेली.

गॅरेजवाला पहिल्यापासून व्हॅनची कामं करायचा. हिला बघून तो गाडीखालून बाहेर आला.

"भाऊ, खरं सांगा. ब्रेक गेलेत का गाडीचे? हे ऑइलच्या डबीला टोपडी शिवून घेतायत."

"काय बोलता वहिनी. ब्रेक माझ्या हातचे आहेत. ही क्लचची डबी वेगळी."

"मग तिला टोपडं कशाला?"

"ब्रेक काय, क्लच काय, ऑइल तेच. आणि ते म्हणजे रंगाचा वैरी. थेंब पत्र्यावर पडला आणि राहिला, की रंगाला फोड येतो, पापुद्रा सुटतो, मग गंज. गाडी हादरली की झाकणातून जरासं पाझरतं. तेवढं पिऊन घ्यायला कापड गुंडाळायचं."

"जरासं म्हणजे किती?"

"महिन्याला एखाददुसरा थेंब."

हिने पिशवी त्याच्या टेबलावर उपडी केली. हात पुसता पुसता तो थांबला.

"एवढं नाही येणार," तो म्हणाला. "डबी परवाच बघितली मी, चांगली आहे. सील गळतंय ते खाली, पेडलकडे. नवं यायचंय, तोवर रोज सकाळी डबीत चमचाभर ऑइल घालावं लागतं. ते या कापडाला कसं लागेल?"

"कोण घालतं?"

"ते स्वतःच. मी म्हटलं, मी येऊन घालत जातो. पण हात लावू देत नाहीत."

हिने चष्मा पुसला, एक टोपडं उचललं आणि सवयीने उलटं केलं. आतलं कापड जवळजवळ कोरडं. आत दुमडलेली शिलाईची कड तर पांढरीच होती. पाझर आतून असता तर सगळ्यात आधी तीच भिजली असती. ओलं होतं ते बाहेरून. वरून खाली आलेले तीन ओघळ आणि सगळीकडे शिंतोडे. दुसरं टोपडं बघितलं, तसंच. तिसऱ्यावर शिंतोडे आणखी जास्त. बाटलीची धार डबीच्या तोंडात न जाता भोवती उडत होती, रोज, आणि दिवसेंदिवस जास्त.

"डबी चांगली आहे भाऊ तुमची," ती म्हणाली आणि टोपडी पिशवीत भरू लागली.

"मग झालंय काय?"

"काही नाही झालं."

पोलीसकाकूने विचारल्याचं उत्तर दिलं नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. परत येताना तिला एकेक आठवत गेलं. खिशातला हात. हल्ली तो चहा अर्धा कपच मागायचा. थांबलेलं गाणं. आणि सुया. जन्मभर तिचे संशय खरे निघाले होते आणि त्याचा तिला तोरा होता. आता ती वाटभर मनात म्हणत होती की हा एक खोटा निघू दे. यापेक्षा ती लाल मोटारवाली परवडली असती.

तो उठून बसला होता. तिने सुयांची उशी आणि काळा दोरा त्याच्यापुढे ठेवला.

"एक ओवून द्या."

"चष्मा आहे ना तुझा."

"आहे. तरी द्या."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग दारात ठेवलेल्या पिशवीकडे. सुई घेतली. दोरा छिद्राच्या डावीकडे गेला, उजवीकडे गेला, मग सुईच हातातून पडली. ती शोधायला दोघंही वाकली नाहीत.

"गाडी चालवताना नाही होत," तो म्हणाला. "स्टिअरिंग घट्ट धरलं की हात थरथरायचा थांबतो."

"किती घट्ट? गाणं म्हणता येत नाही इतकं?"

त्याने सुयांची उशी तिच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "सील आलं की सांगणारच होतो तुला."

"ते सील काय तुमच्या हाताला बसणार होतं?"

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. मग पदर तोंडाला लावून रडली. तो शेजारी बसून राहिला, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

सोमवारी त्याने किल्ली शाळेच्या मोठ्या बाईंना नेऊन दिली. ही सोबत गेली आणि फाटकाबाहेर उभी राहिली, तो खरंच देतो की नाही ते बघायला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी थरथर जराशी कमी झाली, गेली नाही. नोकरी सोडताना त्याने चौथं टोपडं मात्र शिवून घेतलं आणि नव्या ड्रायव्हरला पाठवलं. "पोरगा चांगला आहे," म्हणाला, "पण रंगाची काळजी घेईलच असं नाही."

सील अजून आलं नव्हतं, डबीत ऑइल रोज तो पोरगाच घालायचा. महिन्याभराने हिने ते टोपडं धुवायच्या निमित्ताने मागवून घेतलं. स्वभावच तो. उलटं केलं. आतल्या अंगाला वरच्या कडेशी बटणाएवढा एकच डाग, बाहेरून स्वच्छ, कोरडं. तेवढ्यात तो मागे येऊन उभा राहिला.

"काय म्हणतंय टोपडं?"

तिने ते पटकन मुठीत धरलं. "काय म्हणणार? त्याचंही सांडतंच की."

"तो तरणाताठा आहे."

"तरण्यांचंही सांडतं."

आयुष्यात पहिल्यांदा ती कपड्याबद्दल खोटं बोलली होती, आणि तेही धड जमलं नव्हतं. त्याने तिच्या मुठीतून टोपडं काढून घेतलं. थरथरत्या बोटांनी, वेळ घेत, ते उलटं केलं. आतला डाग बघितला, शिलाईची कड बघितली, मग बाहेरचं कोरडं कापड. नीट सुलटं करून त्याने ते तिच्या मशीनवर ठेवलं.

"हो गं," तो म्हणाला. "सांडतो लेकाचा."