वावडीवरचा नेम

बाजरीच्या भुशाचा वास कधी घेतलाय तुम्ही? उन्हात तापलेला, किंचित गोडसर, नाकात शिरला की शिंक आणणारा आणि तरीही हवाहवासा! आमच्या तिसगावच्या कोरड्या माळावर मार्गशीर्षातलं वारं सुटलं, की तो वास अजून दारापर्यंत येतो आणि मला, काय सांगू, बंदुकीच्या तेलाची आठवण होते. कुठं भुसा, कुठं बंदूक! पण स्मृतीच्या घरात वस्तू जागच्या जागी कुणाला ठेवता आल्यात?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे हे फौजेतून हवालदार होऊन परतलेले. दरसाल नगरच्या चांदमारीवर माजी सैनिकांची लांब पल्ल्याची नेमबाजी होई, आणि त्या एका दिवसासाठी हे वर्षभर जगत, म्हणा ना. पण कंबर धरली, पालथं पडून नेम धरणं संपलं, आणि दोन वर्षं हे तिकडं फिरकलेच नाहीत. तिसऱ्या वर्षी निरोप आला : झोपता येत नसेल त्यानं बसून, आपापल्या तिवईवर रायफल टेकवून नेम धरावा. हे म्हणाले, "एकडाव बघतो. न्हाई जमलं, तर पुन्यांदा त्या वाटंला जायाचं न्हाई." त्या शब्दांतली विषण्णता माझ्याशिवाय कुणाला कळणार?

कॅमेऱ्याची असते तसली तिवई शोधायला नगरला फोटोच्या सामानाच्या दुकानात गेलो. काय तिचं ते रुपेरी लावण्य! यांनी तिच्यावर माझी छत्री आडवी ठेवली, एक डोळा मिटला आणि रस्त्यावर नेम धरला. दुकानदार म्हणाला, "काका, फोटो कुणाचा काढायचाय?"

"फोटो न्हाई, गोळी घालायचीय."

बिचारा दोन पावलं मागं सरला! पण यांच्या श्वासासरशी छत्रीचं टोक थरथरत होतं. इथं केसभर हललं, तर तिकडं लक्ष्यापाशी हातभर चुकतं म्हणे. रिकाम्या हातानं परतलो.

आमचं खळं चालू होतं. वाऱ्यावर दाणे उपणताना जिच्यावर उभं राहायचं ती बाभळीची, तीन पायांची, कमरेएवढी उंच वावडी. तिच्यावर उभी राहून मी पाटी ओतत होते, आणि एकाएकी मनात आलं, इतकी वर्षं भर वाऱ्यात ही मला पेलते आहे, कधी डगमगली का? म्हटलं, "अहो, ती छत्री आणा बघू इकडं!"

हे हसले. "चांदमारीवर वावडी न्हिऊ व्हय? लोकं हसत्याल."

"हसू द्या की. तुमाला नेम धरायचाय का मिरवायचंय?"

वावडीचे पाय जरासे मातीत रोवले, वर वाळूची पिशवी ठेवली, त्यावर छत्री. टोक निश्चल! जणू दिव्याची ज्योत गाभाऱ्यात.

वावडी एसटीच्या टपावर चढली तेव्हा कंडक्टर ओरडला, "मावशी, खळं कुठं मांडताय?" मी यांच्या खिशात भुशाची पुरचुंडी कोंबत होते. "आदी चिमूट सोडा, वारं बघा, मग गोळी."

"आता तू शिकिव मला," म्हणाले. पण पुरचुंडी काढून टाकली नाही.

गोळ्या पाच. दोरीमागं बसून मी पाहत होते. पहिल्या दोन हुकल्या. खुर्चीतली ती पाठ किती म्हातारी दिसली मला! वावडी जागची हलली नव्हती. पण माळावरचं वारं गोळी ओढून नेत होतं. मग यांचा हात हळूच खिशात गेला. भुसा उडाला, तिरपा. हे थांबले. पुन्हा चिमूट, पुन्हा तिरपी. पुन्हा थांबले. खळ्यावर आम्ही बायका वाऱ्याची वाट पाहतो, अगदी तसेच. फक्त आम्हाला वारं यायला हवं असतं, यांना ते जायला हवं होतं. अखेर भुसा सरळ पायाशी पडला. उरलेल्या तिन्ही गोळ्या, प्रत्येकीला तेवढाच धीर देऊन, लक्ष्याला लागल्या.

बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. परतीच्या एसटीत यांनी रिकाम्या पुरचुंडीचं फडकं नीट घडी करून खिशात ठेवलं. गाव जवळ आलं तशी म्हणाले, "अगं, पुढच्या साली भुसा जरा जास्ती बांध."

आता मळणी यंत्रानं होते; वावडीवर कुणी चढत नाही. पण माळावरून तो गोडसर वास आला, की हातातलं काम तसंच ठेवून मी दारात उभी राहते, वारं पडेपर्यंत.