इंगोलेसरांची शिफारस

इंगोलेसर सामना बघताना चेंडूकडे बघतच नसत. बास्केट पडली की आम्ही नाचायचो, आणि सर भलत्याच कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोराकडे डोळे बारीक करून बघत असायचे. "बास्केट तं कोनीही मारते," म्हणायचे, "चेंडू हातात नसताना मानूस काय करून राह्यला, थे पाह्य." कारंज्याच्या आमच्या कॉलेजात ते खेळाचे शिक्षक होते, आणि खेळाडू पारखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

मी त्यांचा गार्ड. म्हणजे चेंडूला टप्पे देत पुढे न्यायचं आणि मोकळा गडी हेरून त्याला पास द्यायचा. आमचं मैदान काळ्या जमिनीवर मुरूम टाकून केलेलं. उन्हाळा लागला की मुरमातून भेगा वर यायच्या, आणि भेगेवर पडलेला चेंडू कुठे पळेल याचा नेम नसायचा. म्हणून सरांचा पहिला धडा ठरलेला, "पह्यले जमीन पाह्य, मंग मानूस." अमरावती-अकोल्याचे भलेभले संघ आमच्याकडे येऊन चेंडूमागे धावून दमायचे, आणि आम्ही मान खाली घालून जिंकायचो. सर त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचे.

शेवटच्या वर्षी नागपुरात एका व्यावसायिक संघाची निवड चाचणी निघाली. वयाच्या अटीमुळे मला ती एकच संधी होती. सोबत प्रशिक्षकाचं पत्र लागत होतं. सरांनी ते लिहिलं आणि पाकीट न चिकटवताच माझ्या हातात दिलं. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते वाचता आलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

एसटीत बसल्यावर वाचलं. 'पास अचूक, दम भरपूर,' मी खूश. पुढे होतं, 'चेंडू नेताना खाली बघतो, त्यामुळे मोकळा गडी उशिरा दिसतो.' माझ्या पायाखालची वाळूच सरकली. ज्यांनी शिकवलं त्यांनीच तो दोष म्हणून लिहावा? पत्र फाडून टाकावं असं फार वाटलं. मग खालच्या ओळी वाचल्या. 'हा दोष मुलाचा नाही, माझा आहे. मीच त्याला असं शिकवलं. त्याला सपाट जमीन द्या, आठ दिवस द्या, मग ठरवा.'

नागपुरातली जमीन लाकडी होती. चेंडू टाकावा तसा परत हातात येत होता, तरी माझी नजर आपली खालीच. निवड करणारे गृहस्थ भले होते. पत्र वाचून त्यांनी आठ नाही, पण तीन दिवस दिले. तिसऱ्या दिवशी मला दोनदा मोकळा गडी वेळेवर दिसला. यादीत मात्र नाव नव्हतं. "तू शिकशील," ते म्हणाले, "पण आम्हाला आज शिकलेला पाहिजे."

सरांना जाऊन आता दोन वर्षं झाली, पण त्या दिवशी स्टँडवरून त्यांना केलेला फोन मला शब्दन् शब्द आठवतो. खरं तर त्यांच्यावर चिडायचं होतं. पण त्यांचं "बोल दिन्या" ऐकलं आणि रडूच आलं. म्हणालो, सर, तुमची काही चूक नाही, ते मैदानच तसं होतं.

सर म्हणाले, "मैदान वीस वर्सं माह्याच ताब्यात होतं, लेका. भेगा बुजवाले पाह्यजे होत्या, अन म्या तुले थ्यायच्यातून चेंडू काढाले शिकवलं."