आमच्या गल्लीत सगळे धडधाकट

आपत्ती मदत पथकासाठी प्रत्येक गल्लीतून एक प्रमुख हवा होता. बैठकीत सगळे पंख्याकडे बघत बसले आणि माझा आवाज मोठा, म्हणून मी प्रमुख झाले. शिट्टी मिळाली, माझ्यासारख्या दोघी मावतील असं नारिंगी जाकीट मिळालं आणि घरोघरी भरायचा तक्ता. त्यातला महत्त्वाचा रकाना एकच : 'उचलून न्यावं लागेल अशी व्यक्ती.'

हा प्रश्न मी शहाणीने हॉलमध्ये बसून, चहा पीत, त्या त्या व्यक्तीच्या समोरच विचारला. कोणती सून 'हो' म्हणेल? एका आजींनी तर उभं राहून दाखवलं. परत बसवायला दोघं लागली. गल्लीभर उत्तर एकच, 'कोणी नाही'. माझ्या घरी सासरे पेपर वाचत होते. गुडघे गेल्यापासून ते खाटेवरून न्हाणीपर्यंतसुद्धा मला धरून जातात. त्यांच्यादेखत मीही तेच लिहिलं.

तेव्हापासून पावसाचा जोर वाढला की मी तक्ता काढून बघायचे. उद्या खोडू, असं रोज ठरवायचे.

ऑगस्टमधल्या एका दुपारी गाढी नदीचं पाणी गल्लीत शिरलं. नवरा कामावर, द्रोणागिरीच्या गोदामात अडकलेला. पथकाची चार माणसं बांबू बांधलेल्या दोन खुर्च्या घेऊन आमच्या दारात आली. त्यातला कोन गावचा रिक्षावाला तक्ता बघून म्हणाला, "वयनी, यात तं कोनाचंच नाव नाय. खुर्च्या पलीकडं नेऊ? तिथं लोक बोंबलतात."

पाणी उंबऱ्याला लागलं होतं. आत सासरे ऐकत होते. चौघं खुर्च्या घेऊन वळलेसुद्धा. शेवटी शिट्टी फुंकली आणि ओरडले, "माझ्या सासऱ्यांना चालता येत नाही! त्यांना घ्या!"

"मला काय धाड भरलीये?" आतून आवाज आला.

"बाबा, पाणी खाटेखाली येईल आता."

"येऊ दे. गावभर दवंडी पिटलीस ना? झालं समाधान?"

"आजोबा, नवरदेवासारकं बसा," रिक्षावाला म्हणाला. "आमी हाय ना."

त्यांनी खाटेची कड सोडली नाही. मी एकेक बोट सोडवलं.

तेवढ्यात समोरची सून दारात आली. "अहो, आमच्या सासूबाईंनाही न्या हो!" मग तिसरं दार, चौथं. माणसं नऊ, खुर्च्या दोन. पाच फेऱ्या झाल्या, दर फेरीला पाणी चढत होतं आणि मागे राहिलेल्यांना मी दारोदार "आलेच हं ते" सांगत होते. येतील की नाही, देव जाणे. शेवटच्या आजींना उचललं तेव्हा पाणी माझ्या मांडीला होतं.

शाळेच्या पहिल्या मजल्यावर नऊही जण बाकांवर बसले होते. मी मोजले. परत मोजले. सासरे सगळ्यांशी बोलत होते, फक्त माझ्याशी नाही. मी त्यांच्या शेजारीच बसले होते, तरी पलीकडच्या आजींकडे वळून म्हणाले, "हिला सांगा, मला बाथरूमला जायचंय."

आजींनी सांगितलं. मी उठले.