बाबाले इंग्रजी कुठी येत होती?

ग्रुपवरच्या लिनक्सवाल्यांनो, तुमचं ऐकून आज सकाळी मी विंडोज कायमचं पुसलं अन् लिनक्स टाकलं. फाइली आधीच सीडीवर घेतल्या होत्या. लय खुश होतो.

मंग आई म्हणाली, "बाबाचं लिवलेलं उघड ना."

बाबा दिवाळीआधी गेले. आजारपणात ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये बसून एका बोटानं आपल्या गावाबद्दल मराठीत टाइप करत राहायचे. आज ती फाइल उघडली, तर पडदाभर इंग्रजी अक्षरं, कंस अन् टक्क्याच्या खुणा.

आई म्हणाली, "हे काय होय? बाबाले इंग्रजी कुठी येत होती?"

जुन्या मराठी फॉन्टचं असंच असते. आत इंग्रजी अक्षरं राहतात, फॉन्ट ती मराठी करून दाखवते. फाइल शाबूत हाये, फॉन्ट विंडोजसंगं गेला. त्याचं नावही मले माहीत नाई. ज्या डीटीपीवाल्यानं टाकून देला होता, तो दुकान बंद करून कुठी गेला कोणाले ठाऊक.

हे सारं आईले समजावलं. तिनं चष्मा पुसला, खुर्ची जवळ ओढली.

"तुले तर इंग्रजी येते ना? मंग वाच."

अजून बसूनच हाये ती. सांगा, काय वाचू?